बारुदाच्या कामावर जाणाऱ्याच्या घरी काय ठाऊक असावे?



२४ जानेवारी २०२५ चा शुक्रवार आमच्या भागातील माणसे विसरलेली नाहीत. सकाळी साडेदहाच्या सुमारास जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. प्लास्टिक स्फोटक तयार करणाऱ्या विभागाची इमारत कोसळली आणि छत आतल्या कामगारांवर आले. आवाज कित्येक किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. आठ कामगार गेले, पाच जखमी झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या जानेवारीतही, याच निर्माणीतल्या स्फोटात एका कामगाराचा जीव गेला होता.

आता वर्ष उलटले. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत पानेच्या पाने आली, मोठी माणसे येऊन गेली, नमाजांनंतर दुआ झाल्या. मग जो तो आपल्या कामाला लागला, आणि ते स्वाभाविकही आहे. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांचेच तेवढे थांबले. आज हा विषय घेण्याचे कारण वेगळे आहे. मार्च-एप्रिलमध्ये दहावी-बारावी आणि आयटीआयची मुले मोकळी होतील. त्यांतली काही या पट्ट्यातल्या बारूद कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून, काही ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागतील. त्यांच्या घरी काय ठाऊक असावे, याबद्दल आज लिहीत आहोत.

हा पट्टा लहान नाही. जवाहरनगरहून महामार्गाने नागपूर ओलांडून पुढे गेले की अमरावती रस्त्याला बाजारगाव लागते. तिथल्या सोलर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोट होऊन नऊ जण मरण पावले, त्यांत सहा महिला होत्या. जून २०२४ मध्ये नागपूरजवळच्या धामणा येथे चामुंडी एक्स्प्लोसिव्ह या कारखान्यात स्फोट झाला. तिथेही जीव गमावणाऱ्यांत तरुण मुली होत्या. खाणींना लागणारी स्फोटके बनवणारे अनेक कारखाने नागपूरच्या आसपास आहेत, आणि खाजगी स्फोटक कारखान्यांना परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'पेसो' या संस्थेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. देशाचा बारूद जिथे बनतो, तिथेच त्याच्यावर नजर ठेवणारे कार्यालयही आहे.

मध्यंतरी शाळेत एक आई भेटायला आल्या. मुलगा आमचाच माजी विद्यार्थी, आयटीआय केलेला. नागपूरकडच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम मिळत होते. त्या म्हणाल्या, "सर, पाठवू की नको पाठवू? त्याचे अब्बा म्हणतात, मौत तर घरी बसूनही येते. माझा जीव मानत नाही. पण बहिणीचे लग्न आहे, पगार चांगला आहे."

अशा आईला 'नको पाठवू' असे सांगणे सोपे आहे, पण ते उत्तर नाही. आयुध निर्माणीवर आमच्या भागातल्या किती घरांनी मुले शिकवली, किती घरे उभी राहिली हे आम्ही पाहिले आहे. भंडाऱ्याच्या धानाच्या एका हंगामावर आजकाल घर चालत नाही. आणि हे काम कोणालातरी करावेच लागणार आहे. म्हणून आम्ही त्यांना म्हणालो, "पाठवायचे की नाही ते नंतर ठरवू. आधी काय काय विचारायचे ते ठरवू." त्या दिवशी जे बोललो तेच आज सविस्तर मांडत आहोत.

दारावरचे दोन आकडे

बारूद कारखाना इतर कारखान्यांसारखा एका मोठ्या छपराखाली नसतो. लहान लहान इमारती एकमेकींपासून दूर असतात. त्यांच्यामध्ये मातीचे उंच बांध घातलेले असतात. एका इमारतीत स्फोट झाला तर धक्का आणि तुकडे त्या बांधावर अडावेत, शेजारची इमारत पेटू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक इमारतीच्या दाराशी दोन आकडे लावायचे असतात. पहिला, आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे असू शकतात. दुसरा, आत जास्तीत जास्त किती किलो स्फोटक असू शकते.

या दोन आकड्यांचा अर्थ मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी नीट समजून घ्यावा. ज्यांनी नियम केले त्यांनी असे गृहीत धरले आहे की कधीतरी एखादी इमारत उडू शकते. तसे झाले तर कमीत कमी माणसे जावीत म्हणून माणसांचा आकडा, आणि नुकसान त्याच इमारतीपुरते राहावे म्हणून किलोंचा आकडा. ऑर्डर घाईची आहे म्हणून आत दोन माणसे जास्त घेतली, मालाची दोन खोकी जास्त ठेवली, तर त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही होत नाही. म्हणून ती सवय होते. मग ज्या दिवशी होते, त्या दिवशी जनाजे वाढतात. स्फोट कशाने झाला हे तपासात कळत राहील, पण आत किती माणसे होती हे एका माणसाने, एका सहीने ठरवलेले असते.

बाकीचे नियमही असेच साधे दिसतात. खिशात माचिस आणि मोबाइल नको. अंगावर सुती कपडे हवेत, कारण नायलॉन-पॉलिस्टरच्या घर्षणाने वीज साठते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, अंधारात ठिणगीही दिसते, ती हीच वीज. घरात तिचे हसू येते. स्फोटकाच्या भुकटीजवळ ती पुरेशी असते. म्हणून आत शिरताना जमिनीशी जोडलेल्या धातूच्या पट्टीला हात लावायचा, ठरवून दिलेले बूट घालायचे, आणि लोखंडाऐवजी ठिणगी न पाडणारी, लाकडाची किंवा पितळेची हत्यारे वापरायची. हे कोणी शिकवले नाही, नुसते 'त्याचे बघून कर' म्हटले, तर तो कारखाना शिकवायला तयार नाही असे समजावे.

भुकटी जितकी बारीक

इथे विज्ञानाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फक्त बारूदाला लागू नाही. आपल्या स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमचे पातेले वर्षानुवर्षे विस्तवावर असते. ते पेटत नाही. त्याच ॲल्युमिनियमची भुकटी फुलबाजीत घातली की पांढरा लख्ख उजेड देत जळते. धातू तोच आहे. फरक एवढाच की बारीक केल्यावर त्याचा खूप मोठा पृष्ठभाग हवेला भेटतो. ओंडका पेटायला वेळ लागतो, त्याच लाकडाचा भुसा भडकन पेटतो. पिठाच्या गिरणीत हवेत उडालेल्या पिठानेही स्फोट झाल्याची उदाहरणे जगात आहेत.

आता माणसाला पदार्थ याहूनही बारीक करता येतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, आणि नॅनो पदार्थांचे कण साधारण एक ते शंभर नॅनोमीटरचे. असे कण रंगांत, सनस्क्रीन क्रीममध्ये, औषधांत, कपड्यांवरच्या लेपांत आले आहेत. आमच्या धानाच्या बांध्यांतही ते पोहोचले. इफ्कोची नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली २०२१ पासून बाजारात आहे. या सगळ्या वस्तू धोक्याच्याच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण इतका बारीक केलेला पदार्थ आपल्या थोरल्या भावासारखा वागेलच असे नाही. तो श्वासातून फुप्फुसात खोल जाऊ शकतो, जास्त लवकर पेट घेऊ शकतो. नियम मात्र बहुतेक वेळा पदार्थाचे नाव आणि वजन एवढेच विचारतात. युरोपात रसायनांचा 'रीच' नावाचा मोठा कायदा २००७ मध्ये आला. कंपनीने पदार्थाची सुरक्षाविषयक माहिती दिली नाही तर तो बाजारात आणता येत नाही, असे त्याचे सूत्र आहे. तरी नॅनो रूपाची वेगळी माहिती देणे तिथे १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक झाले. आपल्याकडे अशा कायद्याचा मसुदा २०२० मध्ये तयार झाला.

म्हणून मुलगा बारुदाच्या, रंगाच्या, औषधाच्या किंवा धातूच्या भुकटीच्या कारखान्यात जात असेल, तर पदार्थ कोणता एवढे विचारून थांबू नये. तो किती बारीक आहे, हवेत उडतो का, नाकावर कोणता मास्क लागतो, हेही विचारावे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक भुकटी अडवत नाही.

न सांगितल्याची किंमत

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उडाले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही होत्या. धोक्याचा माल असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. आग लागली तेव्हा आसपासच्या लोकांना, शेजारच्या जहाजांना आपण कशाशेजारी उभे आहोत याची कल्पना नव्हती. शेकडो माणसे मेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या.

चाळीस वर्षांनी भोपाळ झाले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. काझी कॅम्प, जेपी नगर, छोला अशा वस्त्यांत माणसे झोपेतून खोकत उठली आणि जिकडे वाट दिसली तिकडे पळाली. कित्येक जण वायू जिकडे जात होता तिकडेच पळाले. ओले फडके नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला व्हा, एवढे त्या वस्त्यांना आधी कोणी सांगितले असते तर काही जीव वाचले असते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही हा वायू कोणता आणि त्यावर इलाज काय, हे त्या रात्री नीट कळले नव्हते.

दोन्ही ठिकाणी धोका कोणाला तरी ठाऊक होता. ज्यांना भोगावा लागला त्यांना तो ठाऊक नव्हता. आपण अमानत म्हणतो तेव्हा बहुधा पैसा किंवा दागिना डोळ्यांपुढे येतो. ज्याला धोका माहीत आहे त्याच्याकडे असलेली ती माहितीदेखील अमानतच आहे. ती ज्याची आहे त्याला पोचती झाली पाहिजे.

कायदा काय म्हणतो

भोपाळनंतर देशाचा कायदा बदलला. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण घातले गेले. त्यानुसार कारखान्यातल्या धोक्याची माहिती मालकाने कामगारांना, निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आसपास राहणाऱ्या लोकांनाही द्यायची आहे. आसपासचे लोक, म्हणजे आपण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता लागू झाली. तिच्यातही ही तरतूद आहे.

१९८९ चे धोकादायक रसायनांविषयीचे नियम आणखी स्पष्ट आहेत. मोठा धोका असलेल्या कारखान्याने आतल्या आपत्तीचा आराखडा करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची तालीम घ्यायची. कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा आणि वर्षातून एकदा तरी त्याची तालीम घ्यायची. अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचू शकते त्यांना धोका कोणता, काय करावे, काय करू नये हे आधीच सांगायचे. संरक्षण खात्याच्या कारखान्यांपुरती या नियमांची अंमलबजावणी संरक्षण खात्याच्याच यंत्रणेकडे दिलेली आहे. जवाहरनगरची निर्माणी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे.

इथे कोणी म्हणेल, आयुध निर्माणी ही देशाच्या गुपिताची जागा, तिथे प्रश्न विचारणे बरे दिसते का? आणि आपल्या नावाच्या माणसाने विचारले तर लोक काय म्हणतील? हा दुसरा प्रश्न मोठ्याने कोणी बोलत नाही, पण मनात येतो हे आम्हाला माहीत आहे. उत्तर असे आहे. किती गोळे बनतात, कुठे जातात हे आपल्याला नको. ते गुपित गुपितच राहू द्या. भोंगा वाजला तर मुलांना कुठे न्यायचे, खिडकीपासून दूर बसवायचे की मैदानात आणायचे, रस्ता कोणता मोकळा ठेवायचा, एवढेच आपल्याला हवे आहे. ते विचारण्यात कसलीही बेअदबी नाही. त्या निर्माणीत काम करणारे आपले शेजारी आहेत. त्यांच्या जिवाची काळजी ही देशाचीच काळजी आहे.

हे एकट्याने विचारू नये. ग्रामसभेत गावच्या वतीने विचारावे, सर्व समाजांच्या सह्यांनी. ग्रामपंचायतीने ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे आराखड्यातला आपल्या गावापुरता भाग मागावा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आमच्यासारख्या शिक्षकांनी शाळेत वर्षातून एकदा तालीम घ्यावी. तिला फार खर्च येत नाही. कारखान्याबाहेरच्या एखाद्याला अशा अपघातात इजा झाली, तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली भरपाईसाठी पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, हेही लक्षात असू द्यावे.

कामावर जाण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न कागदाचा. नियुक्तिपत्र आहे का? नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला ते देणे बंधनकारक आहे. त्यावर मालकाचे नाव आणि काम कोणते ते लिहिलेले असावे. 'ठेकेदाराचा माणूस' म्हणून मुख्य कारखान्याची जबाबदारी संपत नाही, पण तुमचा मुलगा त्या दिवशी तिथे कामावर होता हे दाखवायला कागद लागतो. त्याची एक प्रत घरी असावी. हजेरीचे आणि पगाराचे पुरावेही घरात ठेवावेत.

दुसरा प्रश्न पदार्थाचा. ज्याला हात लावायचा त्याचे सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे सेफ्टी डेटा शीट, कारखान्यात असलेच पाहिजे. त्यात तो पदार्थ कशाने पेटतो, अंगावर पडला तर काय करावे, पोटात गेला तर काय, हे दिलेले असते. ते इंग्रजीत असेल तर मुलाने समजावून घ्यावे. न समजलेल्या कागदावर 'समजले' म्हणून सही करू नये.

तिसरा प्रश्न शिकवण्याचा. किती दिवस प्रशिक्षण, कोण देणार, आणि पहिले काही दिवस सोबत कोण असणार? चौथा प्रश्न त्या दोन आकड्यांचा. मुलाने दारावर वाचून यावे आणि आतली माणसे मोजावीत.

पाचवा प्रश्न तब्येतीचा. कामावर घेण्यापूर्वी तपासणी झाली का, नंतर किती दिवसांनी होणार? धोकादायक कामातल्या कामगारांच्या आरोग्याची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक आहे आणि ती नोंद कामगाराला पाहता आली पाहिजे. सहावा प्रश्न मुलींच्या पालकांसाठी विशेष. रात्रपाळीला बोलवायचे तर तिची संमती लागते. ने-आणीची सोय काय आहे ते विचारा.

आणि सातवी गोष्ट, जी मुलाला घरातूनच सांगून पाठवावी. धोका दिसला तर सुपरवायझरला सांगण्याचा हक्क त्याला कायद्याने दिला आहे, आणि सांगितल्यावर ताबडतोब पाऊल उचलणे मालकाला भाग आहे. पण वीस वर्षांचा मुलगा नव्या नोकरीत तोंड उघडायला घाबरतो. त्याला वाटते, नोकरी गेली तर अब्बा काय म्हणतील? ते अब्बांनी आधीच बोलून टाकावे. "बेटा, तुझ्या मनाला पटले नाही तर काम थांबव आणि घरी ये. पगाराचे आपण बघून घेऊ." हे एक वाक्य ज्या मुलाने घरी ऐकले आहे, तो कारखान्यात जास्त सावध राहतो.

कामावरून परतल्यावर

बारुदाचा धोका स्फोटापुरताच नसतो. काही पदार्थ अंगावरून आणि कपड्यांवरून घरापर्यंत येतात.

नायट्रोग्लिसरीनचे उदाहरण घ्या. बंदुकीच्या आणि तोफेच्या दारूत ते वापरतात. हृदयाच्या दुखण्यात जिभेखाली ठेवायच्या गोळीतही तेच असते. ते रक्तवाहिन्या रुंद करते. ते कातडीतून अंगात शिरते, आणि मग डोके जोरात ठणकते. नव्या कामगाराचे डोके पहिले काही दिवस दुखते, मग अंगाला सवय होते. सुट्टीच्या दिवशी ती सवय मोडते आणि सोमवारी कामावर गेले की पुन्हा दुखते. जगभरच्या बारूद कारखान्यांत याला 'सोमवारचे दुखणे' म्हणत आले आहेत. काही कामगारांना सुट्टीच्या शेवटी छातीत दुखले, कोणी दगावलेही, कारण सवय झालेल्या रक्तवाहिन्या पदार्थ न मिळाल्याने आकसल्या. मुलगा सुट्टीत छातीत दुखते म्हणाला तर 'एवढ्या तरुण वयात कसले हृदय' म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे न्या आणि तो कुठे काम करतो ते सांगा.

टीएनटीचे वेगळे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत गोळे भरणाऱ्या स्त्रियांची कातडी आणि केस पिवळे पडत. लोक त्यांना 'कॅनरी' पक्ष्याच्या नावाने हाक मारत. पण टीएनटी यकृतही बिघडवते, आणि त्यांच्यापैकी काहींचा काविळीने मृत्यू झाला. तेव्हा डोळे पिवळे दिसले तर काविळीची माळ घालून थांबू नये. आरडीएक्स श्वासातून किंवा हातातोंडातून पोटात गेले तर झटके येऊ शकतात. घरात आधी कोणाला फेफरे नसताना तरुण कामगाराला झटका आला तर दुआ जरूर करा, पण त्याच वेळी दवाखान्यात न्या. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात कामाचे नाव सांगा. ते कळले नाही तर डॉक्टर दुसऱ्याच आजाराच्या मागे जातील.

घरातल्या बायकांसाठी काही साध्या गोष्टी. कामाचे कपडे कारखान्यातच बदलून, आंघोळ करून यावे असा आग्रह धरा. चांगल्या कारखान्यात त्याची सोय असते. नसेल तर बूट दाराबाहेर, कपडे वेगळ्या पिशवीत, आणि मुलांना उचलण्याआधी आंघोळ. ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवू नका, झटकू नका, धुताना हातमोजे घाला. कपडे धुतल्यावर तुमचेच डोके ठणकत असेल तर ते सांगा. डबा खाण्याआधी साबणाने हात धुण्याची सवय लावा. नखे कापलेली असू द्या. आणि कारखान्यातून कोणताही डबा, पिशवी, तार, नळी 'कामाला येईल' म्हणून घरी आणू देऊ नका. लहान मुले असलेल्या घरात तर नाहीच.

नशीब आणि निष्काळजी

ताजियतीला गेलो की आपण म्हणतो, जे लिहिले होते ते झाले. ज्याच्या घरातला माणूस गेला त्याला त्याने धीर येतो, आणि तो धीर आम्ही कोणाकडून काढून घेणार नाही. पण हेच वाक्य मालकाच्या, ठेकेदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या तोंडी आले तर त्याचा अर्थ बदलतो. दारावर सहा लिहिले असताना आत दहा माणसे असणे हे कोणाच्या नशिबात लिहिलेले नसते. ते रजिस्टरमध्ये लिहिलेले असते. तवक्कुल उंट बांधल्यावर करायचा असतो, हे आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे.

त्या आईचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांनी मुलाला आमच्या प्रश्नांचा कागद देऊन पाठवले. ठेकेदाराने नियुक्तिपत्राचे 'बघू' म्हटले, माहितीपत्रकाचे नाव काढताच हसला. मुलगा परत आला. सध्या तो एका मोटार गॅरेजमध्ये आहे, पगार कमी आहे, आणि बहिणीच्या लग्नाची काळजी तशीच आहे. त्याच वर्गातला दुसरा एक मुलगा बारुदाच्याच दुसऱ्या कारखान्यात लागला. तिथे सर्व प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि पंधरा दिवस शिकवून मगच त्याला आत घेतले. त्याची आई त्याचे कपडे वेगळे धुते. दोन्ही घरांनी योग्यच केले असे आम्हाला वाटते.

ज्यांच्या घरी कोणी असे काम करते त्यांनी हा अंक जपून ठेवावा आणि वरचे सात प्रश्न एका कागदावर उतरवून त्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवावेत. तुमच्या गावात तालीम झाली असेल, किंवा मागूनही होत नसेल, तर आम्हाला लिहा. पत्रे आली तर पुढच्या अंकात त्यांवर बोलू.

अल्लाह सर्व कामगारांना संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचवो. वस्सलाम.